मॅग्नेशियमच्या अंगावरचा पापुद्रा

शाळेत मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवण्याआधी बाई ती आम्हाला पॉलिश पेपरने घासायला लावायच्या. करड्या, मळकट फितीखालून चांदीसारखी चकाकी वर यायची. मग चिमट्यात धरून ती बर्नरवर जायची आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा. उजेड सगळ्यांच्या लक्षात राहतो, घासणं विसरलं जातं. माझ्या ते लक्षात राहिलं, कारण पुढे माझं पोटच धातूंच्या पृष्ठभागावर अवलंबून राहिलं. रबाळे एमआयडीसीतल्या एका प्लेटिंग कारखान्याची, म्हणजे वस्तूंवर धातूचा थर चढवणाऱ्या कारखान्याची, लॅब मी गेली बरीच वर्षं सांभाळते.

परवा ऐरोलीचा माझा भाचा घरी आला. त्याने नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे आणि ती खाली पार्किंगमध्ये चार्ज करू द्यायची की नाही, यावरून त्यांच्या सोसायटीत सध्या वाद चालू आहे. लिथियम पेट घेतं, असं प्रत्येकाने कुठेतरी पाहिलेलं असतं. त्याने मोबाइलवरची एक बातमी माझ्यापुढे धरली: मॅग्नेशियमची बॅटरी येणार, स्वस्त आणि सुरक्षित. म्हणाला, "मावशी, हे खरं असेल तर अजून बाजारात का नाही?" उत्तर द्यायला मला तासभर लागला. तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

बॅटरी समजावताना मला प्लेटिंगची टाकी हाताशी असते. आमच्या निकेलच्या टाकीत कडेला टायटॅनियमच्या जाळीदार बास्केटमध्ये निकेलचे तुकडे टांगलेले असतात, हा ॲनोड. मधोमध रॅकवर लटकवलेला माल, हे कॅथोड. रेक्टिफायर, म्हणजे टाकीला वीज पुरवणारं यंत्र, सुरू केला की ॲनोडचं निकेल द्रवात विरघळतं आणि मालावर जाऊन बसतं. ज्या बॅटरीचा ॲनोड निखळ धातूचा असतो, ती म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारी अशीच टाकी. बॅटरी वापरताना ॲनोडचा धातू विरघळतो, त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, द्रवातून पलीकडे कॅथोडकडे जातात आणि तिथल्या फटींमध्ये शिरतात. सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने मोटर फिरवत पलीकडे पोहोचतात. चार्जिंगला लावलं की सगळा प्रवास उलटा होतो आणि ॲनोडवर पुन्हा धातूचा थर चढतो. त्या वेळी आमच्या हिशेबाने तो 'माल' झालेला असतो, पण बॅटरीवाले त्याला दोन्ही वेळा ॲनोडच म्हणतात. नव्याने वाचणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ उडतो. मधल्या द्रवाला ते इलेक्ट्रोलाइट म्हणतात, आम्ही बाथ म्हणतो.

आजच्या फोनमध्ये किंवा स्कूटरमध्ये ॲनोड म्हणून धातू नसतोच, तिथे बहुधा ग्राफाइट असतं. कार्बनच्या थरांमध्ये लिथियमचे आयन येऊन राहतात आणि निघून जातात. एका ग्रॅम ग्राफाइटमध्ये फार तर 372 मिलिअँपिअर-तास मावतात. म्हणजे 5000 मिलिअँपिअर-तासांच्या फोनला कागदोपत्री साडेतेरा ग्रॅमच्या आसपास ग्राफाइट लागतं आणि ते सहा घनसेंटिमीटर जागा घेतं. मॅग्नेशियमचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, लिथियमचा एकच. त्यामुळे एका ग्रॅम मॅग्नेशियममधून 2205 मिलिअँपिअर-तास मिळू शकतात. त्याच फोनला सव्वादोन ग्रॅम पुरेल आणि जागा लागेल जेमतेम 1.3 घनसेंटिमीटर. निखळ लिथियम वजनाला याहून हलकं पडतं, पण ते इतकं विरळ असतं की तेवढ्याच विजेसाठी जवळपास दुप्पट जागा खातं. प्रत्यक्ष बॅटरीत हे आकडे बरेच खाली येतात. तरीही संशोधकांच्या तोंडाला पाणी का सुटतं, ते यावरून कळावं.

आणि हे मॅग्नेशियम आपल्या दारात आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी सुटली की लगेच खाडी ओलांडते. भरतीला त्या पुलाखाली जे पाणी येतं, तसल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. दोन लिटर पाण्यात एका फोनची सोय. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांमध्ये मीठ उचलल्यावर खाली उरणारं पाणी जिभेला कडू लागतं, तो कडवटपणा मॅग्नेशियमच्या क्षारांचा. पावसाळ्यात बरणीतलं खडे मीठ पाझरतं, तेही मुख्यतः त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्थात पाण्यातल्या क्षारापासून धातू मिळवायला भरपूर ऊर्जा जाते. आज जगातलं बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये, डोलोमाइटच्या खडकापासून बनतं. 'आपल्याकडे समुद्र आहे, म्हणजे मॅग्नेशियम फुकट' असं कुणी म्हणालं तर त्याला अडवायलाच हवं. तरी पृथ्वीच्या कवचात हा धातू वजनाने सुमारे दोन टक्के आहे, लिथियम त्यापुढे चिमूटभर.

इतकं सगळं जमून आलेलं असताना अडतं कुठे? त्या घासलेल्या फितीपाशी.

मॅग्नेशियम कोणत्याही गोष्टीशी पटकन संयोग पावणारा धातू आहे. हवेत त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, तोच आम्ही पॉलिश पेपरने काढायचो. बॅटरीच्या द्रवात गेल्यावर धातू त्या द्रवालाच तोडतो आणि तुकड्यांचा एक पापुद्रा आपल्या अंगावर घेतो. चुकून राहिलेलं थोडं पाणी असेल तर त्याचाही. लिथियमवरही असाच पापुद्रा येतो. लिथियमची सगळी बॅटरी चालते ती त्याच्याच जिवावर, कारण त्यातून लिथियमचे आयन ये-जा करू शकतात. पापुद्रा द्रवाला धातूपासून लांब ठेवतो आणि आयनांना वाट देतो. मॅग्नेशियमवरच्या पापुद्र्यातून मात्र मॅग्नेशियमचा आयन जातच नाही म्हटलं तरी चालेल. दार बाहेरून कुलूपबंद.

हा फरक आकाराचा नाही. मॅग्नेशियमचा आयन लिथियमच्या आयनाहून किंचित लहानच असतो, त्रिज्या 72 पिकोमीटर, लिथियमची 76. पण तेवढ्याशा जागेत त्याच्याकडे दुप्पट विद्युतभार असतो. त्यामुळे आजूबाजूचे ऋणभारी शेजारी त्याला घट्ट धरून ठेवतात. लिथियम घन पदार्थातून चालत जातं, मॅग्नेशियमचा पाय प्रत्येक पावलाला चिखलात रुततो. कॅथोडच्या बाजूलाही हीच रड आहे, पण तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा लेख लागेल.

पापुद्र्याचं हे दुखणं मला फार ओळखीचं वाटतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी एके सकाळी आमच्या निकेलच्या टाकीवर रेक्टिफायरचा व्होल्टेज चढत चालला होता आणि अँपिअर पडत होते. ऑपरेटर व्होल्टेज अजून वाढवायला निघाला होता. आमच्या वरिष्ठांनी त्याला थांबवलं, एक ॲनोड बाहेर काढायला लावला. तो काळपट पडला होता. "बाथचं क्लोराइड तपास," मला म्हणाले. मी टायट्रेशन केलं तेव्हा आकडा निम्म्यावर आला होता. निकेलच्या ज्या बाथला आम्ही वॉट्स बाथ म्हणतो, त्यात निकेल सल्फेट आणि बोरिक ॲसिडबरोबर निकेल क्लोराइड घालतात. निकेलवर पापुद्रा धरू न देणं हे त्या क्लोराइडचं एक मुख्य काम. ते कमी पडलं की ॲनोड 'पॅसिव्ह' होतो, म्हणजे विरघळायचं थांबतो. बाथमध्ये क्लोराइड टाकलं, ॲनोड साफ केले आणि दुपारपर्यंत टाकी सुरळीत झाली.

मॅग्नेशियमच्या बॅटरीवाल्यांनीही पहिल्यांदा हीच वाट धरली: धातू तोच ठेवायचा आणि बाथ बदलायचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर ग्रिन्यार यांच्या नावाची मॅग्नेशियमची संयुगं सेंद्रिय रसायनात रोज वापरली जातात. या संयुगांच्या शोधासाठी ग्रिन्यार यांना 1912 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ईथरमधल्या या द्रावणात मॅग्नेशियम व्यवस्थित विरघळतं आणि परत चढतं, पापुद्रा धरत नाही. पण थोडा व्होल्टेज चढवला की ही द्रावणंच मोडतात. 2000 साली इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातले डोरोन ऑर्बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातला सुधारलेला द्रव वापरून बॅटरीचा नमुना जगापुढे ठेवला. त्यात मॅग्नेशियमचा ॲनोड होता आणि मॉलिब्डेनम-गंधकाचं कॅथोड. दोन हजारांहून जास्त वेळा ती चार्ज-डिस्चार्ज झाली आणि तिची क्षमता फारशी घटली नाही. चिवटपणात ती आजच्या पुष्कळ बॅटऱ्यांना भारी पडेल. पण व्होल्टेज मिळाला एका व्होल्टच्या थोडा वर. स्कूटरला हवे तितके व्होल्ट गाठायचे तर असे किती सेल एकामागे एक लावावे लागतील, ते भाच्याने लगेच मोजलं आणि गप्प झाला.

पुढच्या काळात आलेल्या बहुतेक चांगल्या द्रवांमध्ये क्लोराइड होतं, आणि इथे माझ्या धंद्यातलं दुसरं सत्य आडवं येतं. जे क्लोराइड ॲनोड उघडा ठेवतं, तेच स्टीलला आणि ॲल्युमिनियमला खातं. आमच्या शेडमध्ये टाक्यांना आतून पीव्हीसी किंवा रबराचं अस्तर असतं, ते उगाच नाही. बॅटरीची डबी आणि आतले पत्रे मात्र धातूचेच असतात. 2015 मध्ये टोयोटाच्या अमेरिकेतल्या संशोधकांनी बोरॉन-कार्बनच्या पिंजऱ्यासारख्या रेणूंचा, क्लोराइड नसलेला द्रव तयार केला. तो तीन व्होल्टच्या वरही टिकतो आणि धातू खात नाही. मला हे काम फार सुंदर वाटतं. पण असला रेणू बनवणं कष्टाचं आणि महागडं, आणि आपण मॅग्नेशियमकडे आलो ते स्वस्ताईसाठी.

म्हणून काही जणांनी प्रश्नच फिरवला. बाथ साधाच राहू दे, ॲनोड बदलू. मॅग्नेशियम निखळ धातू म्हणून उघडं ठेवण्यापेक्षा दुसऱ्या धातूच्या पोटात ठेवलं तर? तिथे ते इतकं आक्रमक राहत नाही, द्रवाला तोडत नाही, मग पापुद्राही धरत नाही. ॲनोडसाठी पर्यायी पदार्थ शोधण्यामागची सगळी कल्पना एवढीच आहे.

या शोधातलं सगळ्यात आवडतं नाव बिस्मथ. पोटाच्या औषधांत वापरला जाणारा हा जड, गुलाबी झाक असलेला धातू. दोन बिस्मथच्या अणूंमागे तीन मॅग्नेशियम, असा त्यांचा मिलाफ होतो. एका ग्रॅम बिस्मथमागे 385 मिलिअँपिअर-तास, म्हणजे वजनाला ग्राफाइटच्या बरोबरीने. बिस्मथ ग्राफाइटच्या चौपटीहून जड, त्यामुळे जागा मात्र बरीच कमी लागते. आणि मला ज्याचं खरं अप्रूप वाटतं ते असं: इतरत्र पाय रुतणारा मॅग्नेशियमचा आयन बिस्मथच्या मिश्रणात झपझप चालतो. तिथले शेजारी मऊ आहेत, धरून ठेवत नाहीत. 2012 मध्ये टोयोटाच्याच गटाने बिस्मथचे, आणि बिस्मथ व त्याच्याच कुळातलं अँटिमनी यांच्या मिश्रणाचे थर चक्क प्लेटिंग करून ॲनोड बनवले, आणि साध्या प्रकारच्या द्रवात ते मॅग्नेशियम घेतात-सोडतात हे दाखवलं. 2014 मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत बिस्मथच्या अतिसूक्ष्म नळ्या वापरल्या गेल्या. चार्ज-डिस्चार्जच्या दोनशे फेऱ्यांनंतर त्यांची क्षमता आठ टक्क्यांहूनही कमी घटली होती.

नळ्याच का? कारण मॅग्नेशियम पोटात घेतल्यावर बिस्मथ फुगून जवळपास दुप्पट होतं. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं, उन्हाळ्यात आटतं आणि फट पडते. दाराचं हे वर्षातून एकदा होतं. ॲनोडचं रोज, प्रत्येक चार्जिंगला. कण तडकतात, खालच्या पत्र्यापासून सुटतात, आणि सुटलेला कण विजेच्या हिशेबातून गेला. आमच्याकडे प्लेटिंगचा थर पत्र्यावरून सोलला जातो तेव्हा रिजेक्शनच्या ढिगाकडे बघवत नाही, तसंच हे. नळी पोकळ असल्याने तिला आतल्या बाजूला फुगायला जागा मिळते.

कथलाचा मोह याहून मोठा. हेच ते कल्हईचं कथील. एका ग्रॅममागे 903 मिलिअँपिअर-तास, म्हणजे ग्राफाइटच्या जवळजवळ अडीचपट, आणि धातू आपल्या ओळखीचा. पण मॅग्नेशियम घेतल्यावर कथील मूळच्या पावणेतीनपटीपर्यंत फुगतं आणि आयनही त्यातून बिस्मथइतक्या सहज चालत नाहीत. निखळ कथलाचे ॲनोड त्यामुळे लवकर थकतात. कथील आणि बिस्मथ किंवा अँटिमनी यांची मिश्रणं करून दोघांचे गुण साधायचा प्रयत्न बऱ्याच ठिकाणी चालू आहे. नुसतं अँटिमनी मात्र एकदा घेतलेलं मॅग्नेशियम नीट परत देत नाही.

गॅलियमची कल्पना मला सगळ्यात चतुर वाटली. हा धातू 30 अंशांच्या किंचित खाली वितळतो. ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी टेबलावर ठेवला तर तो पाऱ्यासारखा पातळ होईल. मॅग्नेशियम आत असताना मिश्रण घन असतं, मॅग्नेशियम निघून गेलं की उरलेलं गॅलियम किंचित कोमट तापमानाला द्रव होतं आणि पडलेल्या भेगा आपोआप भरून निघतात. 2019 च्या सुमारास असा ॲनोड हजारावर फेऱ्या चालवून दाखवला गेला. अडचण एवढीच की गॅलियम महाग आणि दुर्मीळ.

आता या वाटेची किंमत. बिस्मथच्या पोटातलं मॅग्नेशियम निखळ मॅग्नेशियमपेक्षा पाव ते तीन दशांश व्होल्ट वर बसतं, म्हणजे बॅटरीचा तेवढा व्होल्टेज गेला. मॅग्नेशियम मुळातच लिथियमपेक्षा 0.67 व्होल्टने मागे आहे. ऊर्जा म्हणजे साठा गुणिले व्होल्टेज, त्यामुळे दोन्ही मिळून जवळपास एक व्होल्ट गमावणं परवडणारं नाही. शिवाय नुसतं बिस्मथ घातलं तर बॅटरीत मॅग्नेशियम येणार कुठून? एकतर ते कॅथोडमध्ये आधीपासून भरलेलं हवं, नाहीतर बिस्मथ-मॅग्नेशियमची तयार पूड घालायला हवी, आणि ती पूड हवा सहन करत नाही. त्यात बिस्मथ बहुतांश शिसं शुद्ध करताना हाती लागणारा जोडधातू आहे आणि त्याचाही मोठा पुरवठा चीनकडूनच होतो. फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने ज्या धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं, त्यांत बिस्मथ होतं.

मग हा खटाटोप कशाला, असं भाच्याने विचारलं. माझं मत असं की बिस्मथ एखाद्या स्कूटरमध्ये कधी गेलं नाही तरी या कामाचं मोल कमी होत नाही. साध्या द्रवात न रुसता काम करणारा ॲनोड हाती असला तर पलीकडचं कॅथोड कसं वागतं, हे निवांत तपासता येतं. आधी कॅथोड बिघडलं की ॲनोडवर पापुद्रा धरला, हेच कळत नसे. आम्हीही बाथ बिघडला की आधी हल सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या छोट्या टाकीत, एक साधा पत्रा प्लेट करून बघतो, मग टाकीला हात लावतो.

आणखी एक कारण कमी बोललं जातं. मॅग्नेशियमचा पातळ पत्रा काढणं कठीण असतं, कारण त्याच्या स्फटिकाची रचना अशी की साध्या तापमानाला लाटताना तो तडकतो. बॅटरीला खरं तर आठ-दहा मायक्रॉनचा थर पुरतो, स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलइतका. तेवढा पातळ मिळाला नाही की जाड पत्रा घालावा लागतो आणि हलकेपणाचा सगळा हिशेब बिघडतो. मिश्रधातूची पूड मात्र आजच्या लिथियम कारखान्यांत ग्राफाइटची लापशी पत्र्यावर फासतात तशीच फासता येते.

सुरक्षिततेबद्दल बातम्यांत लिहितात की मॅग्नेशियमवर झाडासारख्या सुया उगवत नाहीत, म्हणून आतून शॉर्ट होणार नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे, लिथियमपेक्षा मॅग्नेशियम सपाट चढतं. पण काही परिस्थितींत त्यावरही सुया आलेल्या दिसल्या आहेत. करंट जास्त रेटला की मालाच्या कडांना खरखरीत झाडं फुटतात, हे प्लेटिंगवाल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

तिसरीही एक वाट आहे, आणि पैज लावायचीच तर मी तिच्यावर लावेन. धातू मॅग्नेशियमच ठेवायचा, द्रव साधाच ठेवायचा, आणि वाईट पापुद्रा धरायच्या आत आपणच एक चांगला पापुद्रा चढवायचा, ज्यातून मॅग्नेशियमचे आयन जाऊ शकतात. 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या गटाने एका पॉलिमरमध्ये मॅग्नेशियमचा क्षार मिसळून असा थर बनवला, आणि लिथियम बॅटरीत वापरतात तसल्या कार्बोनेट द्रवात मॅग्नेशियम विरघळवून परत चढवून दाखवलं. आमच्याकडे जस्ताच्या प्लेटिंगवर शेवटी मुद्दाम पॅसिव्हेशनची बुडी देतात, गंज लागू नये म्हणून. पापुद्रा तिथे आम्ही निवडतो, जाडी आम्ही ठरवतो. मॅग्नेशियमच्या बाबतीतही तो धातूवर न सोडता आपण ठरवायचा आहे, फक्त यात आयनांना वाट ठेवायची अट जास्तीची.

भाच्याला मी सांगितलं की तुझी ही स्कूटर जुनी होईपर्यंत तरी हे बाजारात दिसेल असं मला वाटत नाही. मॅग्नेशियमच्या बॅटरीची बातमी आली की किती किलोमीटर जाणार ते आधी बघू नकोस. ॲनोड कशाचा आहे आणि तो कोणत्या द्रवात चालवला, ते बघ. चार दिवसांनी त्याने व्हॉट्सॲपवर आणखी एक बातमी पाठवली. खाली लिहिलं होतं, "मावशी, पूर्ण वाचली. ॲनोड कसला आहे ते लिहिलेलंच नाही."